निद्रानाश आणि आपला मोहल्ला

‘रात्री झोप येत नाही’ असे एखाद्या तरुणाने घरात सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नमाज पढतोस का? दुसरा मोबाइलविषयी. चार दिवसांनी अम्मी कोणाकडून तरी पाण्यावर दम करून आणते, नजर उतरवते. यामागे माया नाही असे मी म्हणणार नाही. पण तीन-तीन महिने एखादा मुलगा किंवा मुलगी पहाटेपर्यंत छताकडे पाहत पडून राहत असेल, तर त्याचा संबंध ईमानाशी जोडणे हा सरळ अन्याय आहे. निद्रानाश हा आजार आहे. त्याला कारणे आहेत आणि उपचारही आहेत. आपण मात्र तो एक तर दुआवर सोडतो किंवा मेडिकलमधल्या गोळीवर.

आधी एक फरक समजून घेऊ. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी आडवा होतो, तेव्हा घरातली पोरे उठलेली असतात आणि शेजारचे माग खडखडत असतात. मुंब्रा-कुर्ल्यात एका खोलीत सहा-सात माणसे राहतात. ज्याला अभ्यास करायचा आहे त्याला शांतता मिळते ती रात्री बारानंतर. ही झोपेची टंचाई. या माणसाला वेळ आणि जागा द्या, पाठ टेकताच त्याचा डोळा लागेल. निद्रानाशात उलटे असते. वेळ आहे, अंथरूण आहे, थकवाही आहे, पण झोप नाही. किंवा लागते आणि तीन वाजता मोडते ती मोडतेच. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने किंवा अधिक काळ असे होत असेल आणि दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात.

टंचाईही हलक्यात घेऊ नका. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सलग १७ तास जागे असलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असणाऱ्यांइतकी घसरलेली दिसली. आपल्या मोटार वाहन कायद्याने वाहनचालकाला घातलेली मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे आयुष्यात दारूला हात न लावलेला आपला एखादा भाऊ सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतर पार्सल पोहोचवत असेल, तर रस्त्यावर त्याची अवस्था पिऊन गाडी चालवणाऱ्यासारखी असू शकते.

निद्रानाशाचा त्रास दिवसा वेगळ्या तऱ्हेने दिसतो. अंग मोडून आलेले, डोळे जळजळतात, पण दुपारी पडावे तर डोके चालूच. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते. लहानसहान गोष्टींवरून घरात तोंडातोंडी होते. त्याला घरचे ‘चिडका’ आणि ‘कामचोर’ अशी दोन नावे ठेवतात. आणि हे इथेच थांबत नाही. दीर्घकाळ निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका वाढतो. पूर्वी समज असा होता की नैराश्यामुळे झोप जाते. आता माहीत आहे की वाट दोन्ही बाजूंनी चालू असते.

मग ही झोप जाते कुठे? दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अॅडेनोसिन नावाचे रसायन साठते आणि झोपेचा दाब वाढत जातो. कॅफिन नेमकी याच रसायनाची जागा अडवते आणि प्यायलेल्यापैकी सुमारे निम्मे पाच तासांनंतरही शरीरात राहते. इशानंतर चौकात बसून कटिंगवर कटिंग घेणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. पण चहा हे लहान कारण झाले. सुरुवात बहुधा एखाद्या धक्क्याने होते: नापास होणे, अब्बांचे आजारपण, मोडलेले लग्न, गेलेली नोकरी. धक्का ओसरतो, निद्रानाश राहतो. कारण तोवर आपण त्याला खतपाणी घालणाऱ्या सवयी लावून घेतलेल्या असतात. काल झोप झाली नाही म्हणून आज नऊलाच पडायचे, फजरनंतर अकरापर्यंत लोळायचे, रात्री दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहायचे. हळूहळू मेंदू शिकतो की अंथरूण ही जागे राहण्याची, काळजी करण्याची जागा आहे.

आणि काळजी करायला आपल्या पिढीकडे कारणे आहेत. नाव ऐकून नाकारलेली भाड्याची खोली, मुलाखतीनंतर न आलेला फोन, रात्री एक वाजता व्हॉट्सअॅपवर येणारे जमावाच्या मारहाणीचे व्हिडिओ. ही भीती मनाचे खेळ म्हणून झटकण्यासारखी नाही. तरीही मी सांगेन, ते व्हिडिओ रात्री पाहू नका. अन्यायाची माहिती सकाळी दहालाही मिळते आणि त्याविरुद्ध काही करायचे तर ते दिवसाच करायचे असते.

आता गोळीविषयी. अल्प्राझोलम हे चिंतेच्या विकारावर, कधी झोपेसाठीही, डॉक्टर लिहून देतात ते औषध. हीच गोळी मालेगावात ‘कुत्ता गोली’ या नावाने नशेसाठी विकली जाते. पोलीस वारंवार साठे पकडतात. कायद्याने ती ‘एच-१’ सूचीत आहे: चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे ठेवायची असते. प्रत्यक्षात काय होते ते तुम्हाला माहीत आहे. या गोळीची सवय काही आठवड्यांतही लागू शकते, आणि एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, फिट्सही येऊ शकतात. म्हणून जो आधीच घेतो आहे त्याने हे वाचून आज रात्री ती फेकू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

उपाय काय, तर २०१६ साली अमेरिकेच्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर सवयी आणि विचार बदलण्याची मानसोपचार पद्धत सुचवली. तिची मुख्य सूत्रे साधी पण कष्टाची आहेत. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ रोज एकच. फजरला उठणाऱ्याकडे ही वेळ आयती आहे, फक्त नंतर पुन्हा पडायचे नाही. झोप आली तरच आडवे व्हायचे. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून बाजूला बसायचे, मंद उजेडात काही वाचायचे. अंथरुणात अभ्यास, जेवण, मोबाइल नाही. एका खोलीच्या घरात हे कसे जमणार? उलट आपल्याला सोपे आहे: गादी दिवसभर गुंडाळून ठेवा, झोप आल्यावरच पसरा. या पद्धतीत झोपेचे तास काही काळ मुद्दाम आवळतातही. तो भाग फिट्स किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी आणि वाहन चालवणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने करू नये.

काही वेळा मूळ दुसरीकडेच असते. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, थायरॉइड, किंवा रात्री पाय सतत हलवावेसे वाटणे. या शेवटच्या त्रासाचा संबंध अनेकदा शरीरातल्या लोहाच्या कमतरतेशी असतो, आणि आपल्या बहिणींत ॲनिमिया किती आहे ते वेगळे सांगायला नको. त्यांचे तर ‘दिवसभर घरीच असते, झोपेचे काय’ म्हणून कोणी विचारतही नाही. रमजानमध्ये सहरीसाठी सर्वांत आधी उठते कोण आणि तरावीहनंतर भांडी घासून सर्वांत शेवटी पडते कोण?

धर्माचे म्हणाल, तर कुरआनात झोपेचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्यांमध्ये आहे. रात्र-रात्र इबादत करणाऱ्या एका तरुण सहाबीला पैगंबरांनी अडवून शरीराचा हक्क द्यायला सांगितले होते. इशानंतरच्या रिकाम्या गप्पा त्यांना पसंत नव्हत्या. ज्यांना दुआने शांत वाटते त्यांनी ती जरूर करावी. फक्त मौलानांनी डॉक्टरकडे जाणाऱ्याला अडवू नये. उलट जुम्म्याच्या बयानात दोन मिनिटे यावर बोलावे.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची लाज वाटत असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते. जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहून ठेवा: किती वाजता पडलो, अंदाजे कधी लागली, कधी उठलो, चहा किती. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

शेवटी आपल्या ट्रस्ट आणि जमातवाल्यांना एक विनंती. मोहल्ल्यातले शादीखाने वर्षातले कितीतरी दिवस बंद असतात. ते संध्याकाळी पाच ते दहा अभ्यासिका म्हणून उघडा, म्हणजे बारावीच्या मुलांना शांततेसाठी मध्यरात्रीची वाट पाहावी लागणार नाही. लग्नाचा डीजे रात्री दहाला बंद करायचा नियमही आहेच, तो पाळा. आणि अभ्यासिकेचे दार मुलींसाठीही उघडे ठेवा.