खसखशीहून लहान

दहा मीटर म्हणजे साधारण तेहतीस फूट. एवढ्या अंतरावर खसखशीच्या दाण्याहूनही लहान, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. एअर रायफलनं तो टिपायचा. एकदा नव्हे, साठ वेळा! वाचकहो, चंडीगडच्या अभिनव बिंद्रानं वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल.

वडील उद्योजक. घराच्या आवारातच मुलासाठी रेंज बांधली. या मुलात काहीतरी आहे, हे लेफ्टनंट कर्नल जे. एस. धिल्लन यांनी हेरलं. बापाच्या पैशावर झालं सगळं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पैसा होता, नाकारायचं कशाला? १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना वर्गणी गोळा करावी लागली होती. पण विकतची रायफल काही आपोआप नेम धरत नाही.

२००० साली सिडनीत तो सतरा वर्षांचा होता. त्याच ऑलिंपिकमध्ये आपली अंजली वेदपाठक, म्हणजे नंतरची अंजली भागवत, अंतिम फेरीत पोचली. अभिनव नाही पोचला. २००४ ला अथेन्समध्ये अंतिम फेरीत तिसऱ्या क्रमांकानं शिरला आणि आठ जणांत सातवा आला. २००६ ला झाग्रेबमध्ये जगज्जेता झाला, तर पाठीच्या दुखण्यानं गाठलं. दोहाचे आशियाई खेळ हुकले. भीती मोडावी म्हणून जर्मनीत सुमारे चाळीस फुटी खांबावर चढला, तेही बीजिंगच्या तोंडावर.

११ ऑगस्ट २००८. अंतिम फेरीआधी सरावाचा पहिला छर्रा मारला, तर गुण आले चार! दहाची सवय असलेल्या माणसाला चार म्हणजे काय, ते आमटीत मिठाऐवजी साखर पडलेल्या गृहिणीलाच विचारा. हाताशी मोजकी मिनिटं होती. त्यानं आरडाओरडा केला नाही. नेमाचं साधन पुन्हा जुळवून घेतलं. शेवटच्या फैरीपूर्वी फिनलंडचा हेन्री हाकिनेन बरोबरीला होता. हाकिनेनचे ९.७, बिंद्राचे १०.८. एकूण ७००.५. वैयक्तिक खेळातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक!

पुढचं फारसं कुणी सांगत नाही. सुवर्ण मिळालं आणि आयुष्य रिकामं वाटू लागलं, असं त्यानं स्वतःच मोकळेपणी सांगितलंय. २०१२ ला लंडनमध्ये तो अंतिम फेरीतही पोचला नाही. २०१४ ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळालं. २०१६ ला रिओत भारताचा ध्वज हाती घेऊन तो मैदानात उतरला, आणि स्पर्धेत युक्रेनच्या सेरही कुलिशशी बरोबरी झाली. एकेक छर्रा जादा मारायचा ठरला. कुलिशचे १०.५, बिंद्राचे १०. अर्ध्या गुणानं तो चौथा राहिला. कुलिश पुढे रौप्यपदक घेऊन गेला. बिंद्रानं त्याच वर्षी रायफल खाली ठेवली.