पाळणाघराची मे महिन्याची फी

मे महिना उजाडला की मुले आजोळी जातात आणि पाळणाघरात एक अवघड प्रश्न उभा राहतो. मूल महिनाभर आलेच नाही, तर पैसे का द्यायचे? दूध घेतले नाही त्या दिवसाचे पैसे आपण दूधवाल्याला देत नाही. मग इथे का द्यावेत?

पण पाळणाघर म्हणजे दुधाचा रतीब नव्हे. आपण पैसे मोजतो ते मुलासाठी राखलेल्या जागेचे. मूल गावी गेले म्हणून मावशींचे घरभाडे थांबत नाही, मदतनीस बाईचा पगार चुकत नाही. जूनमध्ये ती जागा दुसऱ्याला दिलेली दिसली, तर पहिले रागावणार आपणच! आणि आपण स्वतः गावी जातो, ते भरपगारी रजेवरच ना?

अर्थात, दुसरी बाजूही आहे. मावशींनी दिवाळीत अचानक आठ दिवस कुलूप लावले, तर रजा आईलाच टाकावी लागते.

2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराच्या सोयीचे बंधन आले. सोसायटीतल्या मावशींच्या सुट्टीचा हिशेब मात्र तोंडीच राहिला.

तो पहिल्याच दिवशी कागदावर यावा. मूल महिनाभर नसेल तर निम्मी फी. मावशींची ठरलेली वार्षिक सुट्टी भरपगारी. त्याहून अधिक दिवस बंद, तर तेवढे पैसे वजा. ज्या हातांत आपण मूल सोपवतो, त्या हातांशी दर मे महिन्यात घासाघीस करणे बरे नव्हे.