भाकिताची वही

१ जूनला मासेमारी बंद होते. उच्छेळी-दांडीच्या किनाऱ्यावर बोटी वर ओढून शाकारल्या जातात आणि ३१ जुलैपर्यंत हातात काम उरतं ते जाळी सांधण्याचं. फुटबॉलचा विश्वचषक दर चार वर्षांनी येतो तो बहुधा याच रिकाम्या दिवसांत. २०२२ ला कतारने तो नोव्हेंबर-डिसेंबरात नेला, एवढाच काय तो अपवाद. २०२६ ची अंतिम लढत पुन्हा १९ जुलैची, म्हणजे आपल्या घड्याळात मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. अशा दिवसांत कप कोण नेणार, हा प्रश्न ओटीवर, टपरीवर आणि बोईसरच्या लोकलमध्ये फिरत असतो. उत्तर द्यायला कुणी कचरत नाही.

गंमत अशी, की भाकीत कशाला म्हणावं हे किनाऱ्यावरच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, कारण चंद्राचा गुडघा दुखावत नाही आणि त्याला लाल कार्डही मिळत नाही. फुटबॉलच्या नव्वद मिनिटांना असा पाढा लागू पडत नाही. पण आपण अंदाज सांगतो तो भरतीची वेळ सांगावी तशा खात्रीने.

इतिहासाने ही खात्री फार पूर्वीच मोडीत काढली आहे. १९५० मध्ये शेवटच्या सामन्यात ब्राझीलला फक्त बरोबरी पुरेशी होती. रिओच्या 'ओ मुंदो' या दैनिकाने सामन्याआधीच ब्राझीलच्या खेळाडूंचं छायाचित्र जगज्जेते म्हणून छापून टाकलं. १६ जुलैला माराकाना मैदानावर उरुग्वेने २-१ असा विजय मिळवला. चार वर्षांनी हंगेरीची पाळी आली. साखळीत त्यांनी पश्चिम जर्मनीला ८-३ असं लोळवलं होतं. बर्नच्या अंतिम सामन्यातही आठ मिनिटांत दोन गोल त्यांचेच होते, तरी सामना त्यांनी २-३ असा गमावला. पहिल्या सामन्यावरून मत बदलणाऱ्यांचीही हीच फजिती झाली. २०१० मध्ये स्पेन स्वित्झर्लंडकडून हरला, २०२२ मध्ये अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून. दोघांनीही शेवटी चषक उचलला.

तरीही हा खेळ निव्वळ नशिबाचा नाही. १९३० ते २०२२ या काळातल्या बावीस स्पर्धा फक्त आठ देशांनी वाटून घेतल्या: ब्राझील पाच, जर्मनी आणि इटली प्रत्येकी चार, अर्जेंटिना तीन, उरुग्वे आणि फ्रान्स प्रत्येकी दोन, इंग्लंड आणि स्पेन प्रत्येकी एक. युरोप आणि दक्षिण अमेरिकेबाहेर चषक एकदाही गेलेला नाही. विजेता कोणत्या घरांतला असेल हे बऱ्यापैकी सांगता येतं. नेमका कोण, इथे मात्र जाणकारही फसतो.

आपल्याला भाकिताची हौस जुनी आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पीक, राजकारण यांची भाकितं ऐकायला शेतकरी जमतात. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत तर पावसावर पैजा लागत. १८८७ च्या जुगार कायद्यात त्या बसेनात, म्हणून १८९० मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. म्हणजे अंदाजामागे पैसा लागायला मोबाइल यावा लागला नाही. २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती या जुन्या दुखण्यावरची नवी मात्रा.

या हौसेला शिस्त कशी लावावी, तेही महाराष्ट्रातच दाखवून झालं आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्यांमधून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. चाचणीचं मर्म साधं होतं: आधी उत्तर लिहून द्या, मग मोजू.

फुटबॉलचे चाहते नेमकं हेच टाळतात. २०१० मध्ये जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल बरोबर 'सांगितले' आणि जग थक्क झालं. नाण्याने असं घडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. पण त्या काळात असा 'ज्योतिषी' प्राणी काही एकटा पॉलच नव्हता, आणि २००८ च्या युरो स्पर्धेत त्याचे दोन अंदाज चुकलेही होते. चुकलेल्यांची आठवण कुणी ठेवली नाही. नाक्यावरही असंच होतं. बरोबर आलेला एक अंदाज पंधरा वर्षं सांगितला जातो, चुकलेले दहा पावसात वाहून जातात.

आपले अंदाज फसण्याला आणखी एक कारण आहे. भारत ज्येष्ठांच्या विश्वचषकात एकदाही खेळलेला नाही. १९५० मध्ये जागा मिळाली होती, पण संघ गेला नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. पुढे तो दर्जा घसरत गेला. आपला संघ मैदानात नसल्याने आपण दुसऱ्याचा मागून आणतो. कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या स्थानिक फुटबॉल संघांत वर्षभर विभागलेल्या पेठा विश्वचषकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये विभागल्या जातात. तिथे 'मेस्सी जिंकणार' याचा अर्थ 'मेस्सी जिंकावा' एवढाच असतो. त्यात वावगं काहीच नाही. इच्छेला अंदाज म्हणून खपवलं, की मात्र घोळ होतो आणि त्यावर पैसे लावले की घर बुडतं. दोन्हीकडून आपला वाटा काढून घेणारा बुकी तेवढा बुडत नाही.

म्हणून ओटीवर एक वही ठेवावी. सामन्याआधी प्रत्येकाने नाव, तारीख आणि अंदाज लिहावा. रुपया लावू नये. स्पर्धा संपली की बेरीज चारचौघांत मोठ्याने वाचावी. ज्याची ४६ टक्क्यांच्या खाली येईल, त्याने सगळ्यांना चहा पाजावा आणि पुढच्या विश्वचषकात अंदाज सांगताना आवाज जरा खाली ठेवावा.