विश्लेषण : सापाची अंडी घरी उबवावीत का?

जेसीबीने जुनी भिंत पाडली किंवा विटांचा ढीग हलवला, की कधी कधी खाली पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली अंडी दिसतात. सर्पमित्राला फोन जातो. तो अंडी डब्यात भरून घरी नेतो आणि सुमारे दोन महिन्यांनी पिल्लांचा व्हिडीओ समाजमाध्यमांवर झळकतो. हेतू चांगलाच असतो, पण पद्धत घातक आहे.

कोंबडी अंडी सतत फिरवते. सापाच्या अंड्याला ते चालत नाही. अंडे घातल्यानंतर थोड्याच काळात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडे उलटे झाले तर तो दगावू शकतो. म्हणूनच जाणकार अंडे उचलण्यापूर्वी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात आणि चिकटलेली अंडी सुटी करत नाहीत. ओलावा जास्त झाला तर बुरशी लागते, कमी झाला तर अंडी सुरकुततात. तापमान साधारण २८ ते ३० अंश लागते. नाग आणि धामण उन्हाळ्यात अंडी घालतात. उंदराचे बीळ किंवा वारूळ तेव्हाही थंड राहते. विदर्भातल्या पत्र्याच्या खोलीचे तसे नाही.

नागाची पिल्ले जन्मतःच विषारी असतात, मण्यारीचीही. डब्याचे झाकण नीट लागले नाही, तर घरात वीसेक पिल्ले मोकाट. (कुणी 'घोणसीची अंडी' दाखवली, तर ती दुसऱ्याच सापाची असणार. घोणस थेट पिल्लांना जन्म देते.)

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे आणि अंडी वा घरटे विचलित करणे हेही येते. वन विभागाला न कळवता नेलेला डबा म्हणूनच गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो. 'आम्ही तर जीव वाचवला' हा बचाव तिथे पुरेलच असे नाही.

शिवाय मादी नाग अनेकदा अंड्यांजवळच थांबते. अंडी नेली म्हणजे धोका गेला, असे समजून लगेच त्या जागी हात घालणे महागात पडू शकते.

अंडी दिसल्यास पुन्हा अलगद झाकावीत, माणसांना लांब ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. बांधकाम काही आठवडे पुढे ढकलता येत असेल, तर अंडी हलवण्याची गरजच पडत नाही. ते शक्य नसेल, तर ती कुठे न्यायची हे वन विभागाने ठरवावे, व्हिडीओ काढणाऱ्याने नव्हे.