कानात कुणाचा आवाज?

मागच्या महिन्यात मी एकटीच वसईच्या किल्ल्यात गेले. सिल्व्हर पार्कहून रिक्षाने मीरा रोड स्टेशन, तिथून गाडीने तिसरं स्टेशन वसई रोड, पुढे बस. एवढंसं अंतर. पण बावीस वर्षं इथे राहून मी तिथे एकदाच गेले होते, तीही नवऱ्याच्या ऑफिसच्या सहलीबरोबर. तेव्हा काय पाहिलं म्हणाल, तर तीस माणसांची पुरीभाजी.

या वेळी बरोबर कोणी नव्हतं. भाचीने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण भरून दिलं होतं, ते इअरफोनवर ऐकत हिंडायचं. याला ऑडिओ टूर म्हणतात. इथे थांबा, डावीकडे वळा, वरची कमान पाहा, असं आवाज सांगतो आणि आपण चालतो. कंटाळा आला तर बटण दाबून त्याला गप्प करता येतं. मैत्रिणींनो, बोलणाऱ्या पुरुषाला मध्येच थांबवायची ही सोय मला फारच आवडली!

पण हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपण बायका कुठेही जातो त्या कुणाच्या तरी सोयीने. मुलांची सुट्टी, सासूबाईंचा नवस, सोसायटीची सहल. घोळक्यात पुढे चला म्हटलं की पुढे, जेवायला बसा म्हटलं की जेवायला. १९५२ साली ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात अशी श्राव्य माहिती पहिल्यांदा दिली गेली. तेव्हा ती रेडिओसारखी सगळ्यांना एकाच वेळी ऐकू यायची, त्यामुळे सगळा घोळका एकदम या चित्राकडून त्या चित्राकडे सरकायचा. आता ज्याचं यंत्र त्याच्या कानात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ही सोय मराठीतूनही मिळते. तिथे मी एका मूर्तीसमोर वीस मिनिटं उभी होते, आणि मला ‘चल’ म्हणणारं कोणी नव्हतं.

किल्ल्यात मात्र एक गोष्ट पाच मिनिटांत कळली. दोन्ही कान झाकून तिथे फिरता येत नाही. पडक्या चर्चच्या मागे झाडी आहे, भिंतींना कोपरे आहेत. मागून पावलं आली तर ऐकू यायला हवीत. मी एक इअरफोन काढून गळ्यात सोडला. म्हणजे इतिहास डाव्या कानाने आणि भीती उजव्या कानाने. एका गृहस्थांनी आपुलकीने विचारलंच, “एकट्याच आलात? बरोबर कोणी नाही?” मी ‘मागून येतायत’ असं खोटं सांगितलं. खोटं बोलल्याचा मला घरी येईपर्यंत राग येत होता. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल हेच मांडलं होतं, की बाईला बाहेर पडायला सतत काहीतरी काम दाखवावं लागतं. नुसतं बघायला आलेय, एवढं कारण पुरत नाही. आणि हो, निघायच्या आधी घरी पाणी कमी प्यायले होते, हेही सांगते. तेवढ्यावरूनच बाईची सहल किती तासांची ते ठरतं.

आता त्या डाव्या कानातल्या इतिहासाबद्दल. आवाज चांगला होता, स्वच्छ मराठी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो इथलाच. सगळं बरोबर. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या गेल्या, त्या नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला, भीमाशंकरला आहेत, हेही सांगितलं. घंटांचे पत्ते नीट जपलेले आहेत.

आणि बायका? चाळीस मिनिटांत दोन भेटल्या. एक वज्रेश्वरी देवी, जिला चिमाजी अप्पांनी नवस केला. दुसरी, पोर्तुगीज अधिकाऱ्याची ती बायको, जिला त्यांनी सन्मानाने परत पाठवलं अशी आख्यायिका सांगतात. रायगडावर गेलात तर तिसरी हिरकणी. एक पूजायची, एक परत पाठवायची, एक आई म्हणून कडा उतरायची. गडावर बाईला एवढ्याच जागा आहेत का? या एवढ्या भिंतींचा चुना आणि दगड काय फक्त पुरुषांनीच वाहिला?

बायका इतिहासात नव्हत्या असं नाही. पोर्तुगालचा राजा लिस्बनच्या अनाथ मुलींना सरकारी खर्चाने गोव्याला पाठवायचा. त्यांच्याशी लग्न करील त्याला हुंड्यात सरकारी पद किंवा गावं मिळायची, आणि त्यातली कित्येक गावं या वसईच्या प्रांतातली होती. हुंड्यात आपली गावं दिली जात होती, ही गोष्ट आपण शिबिरांमधून का सांगत नाही? फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेली, तो सोपस्कार झाला दोना इनेस द मिरांदा या विधवेच्या वाड्यात. मुंबईची जमीनदारीण तीच होती. ती गरीब बिचारी नव्हती, तिच्या जमिनीत राबणाऱ्या कुणबिणींना तिच्याबद्दल काय वाटत असेल तेही मला ऐकायला आवडलं असतं. पण कानातल्या आवाजाला यातलं काहीच सांगायचं नव्हतं.

यावर उपाय म्हणून गोड बायकी आवाजात तेच तेच पुन्हा मुद्रित करून चालणार नाही. अमेरिकेतल्या अल्काट्राझ या जुन्या तुरुंगात १९८७ मध्ये ऑडिओ टूर केली, तेव्हा तिथल्या माजी पहारेकऱ्यांना आणि माजी कैद्यांनाच बोलतं केलं. हे आपल्याला नवीन आहे थोडंच? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव गाठून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ उभं केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बायकांचे आवाज जपणारी, १९८८ मध्ये सुरू झालेली ‘स्पॅरो’ आमच्या शेजारच्या दहिसरला आहे. तेव्हा जड टेपरेकॉर्डर खांद्याला लावून हिंडावं लागे. आज प्रत्येकीच्या पर्समध्ये ते यंत्र आहे आणि आपण त्यावर सकाळचे शुभेच्छा-संदेश पाठवतो.

मी आमच्या गटात हे मांडलं तेव्हा एकीने विचारलं, “कोण ऐकणार? आणि त्या बायका सांगून सांगून काय सांगणार, मासळीचे भाव?” मला वाटतं, सांगू देत की भाव. पाटी कुठून भरली, दलालाने किती कापलं, बाजारात बसायची जागा कुणी हिसकावली, यातून बाईचं सबंध अर्थकारण कळतं. तहाची कलमं आपण पाठ करतोच ना? दुसरीचा आक्षेप मात्र मला पटला. मुद्रण करून आपण निघून येणार, नाव आपलं होणार, त्यांना काय? त्यांचं नाव, त्यांची परवानगी, आणि उद्या त्यातून पैसे आले तर त्यांचा वाटा, हे आधी ठरवल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे.

सुरुवात सिल्व्हर पार्कपासूनही करता येईल. मुंबईत भाडं परवडेना म्हणून इथे आलेल्या आम्ही बायका, टँकरच्या रांगेत एकमेकींच्या मैत्रिणी झालो. तेही कुठे लिहिलेलं नाही.

किल्ल्यातून किल्लाबंदरला रस्ता जातो. तिथे सावलीत रिकामी पाटी शेजारी ठेवून एक कोळीण बसली होती. साठीची असेल. ‘काय ऐकते?’ म्हणाली. मी गळ्यातला इअरफोन तिला दिला, दुसरा माझ्या कानात. दोघी एका वायरीला बांधल्यासारख्या बसलो. पाच मिनिटांनी तिने तो परत केला.

“आमच्या गावाचं नावपन नाय घेतलं त्यानं.”

मग तुम्ही सांगाल का, म्हणून मी विचारलं. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

“दुपारची ये बाय, तीननंतर. सकाळी बाजार असते.”