खेळाचे वय आणि फुरसतीचे अर्थशास्त्र

मुलांच्या हातातून मोबाइल सुटत नाही, ही तक्रार आज शिक्षकांच्या खोलीत जितकी ऐकू येते तितकीच पालकसभेतही. तक्रार खोटी नाही. परंतु ती करणाऱ्या गृहस्थाच्या खिशातील मोबाइलमध्येही बहुधा एखादा खेळ असतोच, आणि कचेरीतून परतताना उपनगरी गाडीत तो उघडला जातो. व्हिडिओ गेम ही बालवयातील खोड असून संसाराला लागताच ती आपोआप सुटते, हा समज म्हणूनच तपासून पाहिला पाहिजे. वयाप्रमाणे आणि घरच्या परिस्थितीप्रमाणे खेळ रूप पालटतो. या पालटाचे मर्म अर्थशास्त्राच्या साहाय्याने बरेचसे उलगडते.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये वेळेच्या वाटपाविषयीचा सिद्धांत मांडला. कोणत्याही उपभोगाला पैशाबरोबर वेळही खर्चावा लागतो व त्या वेळेलाही किंमत असते, हा त्याचा गाभा. विद्यार्थ्याजवळ वेळ मुबलक आणि पैसा तुटपुंजा. नोकरदार गृहस्थाची स्थिती नेमकी उलट. आज चाळिशीत असलेल्या आमच्या पिढीतील अनेकांनी नव्वदच्या दशकातील सुट्ट्या दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या यंत्रावर ‘मारिओ’ खेळण्यात घालवल्या. पुढे लग्न झाले, मूल झाले, गृहकर्जाचा हप्ता सुरू झाला. आवड तीच राहिली, पण सलग तीन तास मिळेनासे झाले. हाती उरले ते दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे, आणि या तुकड्यांत नेमके मावणारे ‘कँडी क्रश’सारखे खेळ २०१२ पासून बाजारात आले. २०२० च्या टाळेबंदीत सर्वांनाच सक्तीची फुरसत लाभली, तेव्हा नवी मुंबईतील कंपनीने तयार केलेल्या ‘लुडो किंग’च्या पटावर आजी आणि नातू एकत्र बसले.

या बदलाबरोबर व्यापाराची रीतही बदलली. पूर्वी खेळाची कॅसेट एकदाच विकली जाई. नंतर आपण ती किती वेळ खेळतो याच्याशी विक्रेत्याला कर्तव्य नसे. आज मोबाइलवरील बहुसंख्य खेळ फुकट मिळतात, आणि उत्पन्न येते ते जाहिरातींतून व खेळातील किरकोळ खरेदीतून. ज्याच्याजवळ वेळ आहे त्याला जाहिराती पाहायला लावायच्या, आणि ज्याच्याजवळ वेळ नाही त्याला पैसे भरून प्रतीक्षा टाळण्याची सोय द्यायची, असा हा व्यवहार आहे. मिळवत्या माणसाला झटपट लाभाची आशा दाखवणारे पैशाचे ऑनलाइन खेळ याच वाटेवरील पुढचा टप्पा होते. येथे बुडणारी रक्कम मुलाच्या खाऊची नसून घराच्या पगाराची होती. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. हा विवेक योग्यच होय.

तथापि कायद्याच्या कक्षेत न येणारा एक प्रश्न घरातच उरतो. फुरसत कोणाच्या वाट्याला किती येते? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी स्त्रियांचा त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा केवळ ८८ मिनिटे. संसारात पडल्यावर पुरुषाचा खेळ तुकड्यांत विभागला जातो. गृहिणीला ते तुकडेदेखील कुकरची शिट्टी आणि मुलाचा अभ्यास यांच्या मधून शोधावे लागतात. घरातील एकाची विनाव्यत्यय करमणूक अनेकदा दुसऱ्याच्या बिनमोल श्रमावर उभी असते, हे हिशेबात धरलेच पाहिजे.

केवळ मुलांवर नियंत्रण ठेवून हा प्रश्न सुटत नाही. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळण्याची मुभा ठेवली. परंतु वडीलधाऱ्यांच्या नावाची खाती वापरून मुलांनी त्यातून पळवाटा काढल्या. घरातील मोठ्यांचे सहकार्य नसेल, तर सरकारी घड्याळ उंबरठ्याबाहेरच थांबते.

खेळ त्याज्य नाही; श्रमणाऱ्या माणसाला विरंगुळा हवाच. परंतु महिन्याच्या जमाखर्चात रुपयांची नोंद ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाने आठवड्यातून एकदा वेळेचाही जमाखर्च मांडावा. त्यात मुलाच्या खेळाबरोबर वडिलांच्या खेळाची मिनिटे असावीत, आणि आईला मिळालेल्या फुरसतीचीही. मुलाला शिस्त लावण्याचा अधिकार आपल्याला या हिशेबानंतरच प्राप्त होईल.