सजदा हा बाळ फिरवण्याचा व्यायाम नाही

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. दोन उर्दूत, एक मराठीत. पोटात बाळ उलटं असेल, म्हणजे डोकं वर आणि ढुंगण किंवा पाय खाली असतील, तर गरोदर बाईने सजदा लांबवावा. दिवसातून इतक्या वेळा, इतकी मिनिटं. बाळ आपोआप फिरेल, ऑपरेशन टळेल, आणि हे 'सायन्सनेही मान्य केलंय'. मराठी मेसेजात सजद्याच्या जागी योगासन होतं, बाकीचा मजकूर शब्दशः तोच. मी वीसेक वर्षं शाळेत पेपर तपासते आहे. दोन मुलांच्या वहीत एकच चुकीचं उत्तर एकाच शब्दांत आलं की कुणी कुणाचं पाहून लिहिलं एवढंच शोधायचं उरतं. इथे तेही शोधायची गरज नाही.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या गंगापुरात ज्या मुली माझ्याकडे शिकल्या त्या आता आई व्हायच्या वयात आहेत, आणि 'बाजी, डॉक्टरनी बच्चा उलटा है बोले, अब क्या करू' असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतोच. म्हणून मी या विषयावरचं जमेल तेवढं वाचून काढलं. आणि जितकं वाचलं तितका माझा राग दोन्ही बाजूंवर वाढला.

आधी साधं गणित बघू. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे २८व्या आठवड्याच्या आसपास, शंभरपैकी वीस ते पंचवीस बाळं उलटी असतात. पूर्ण दिवस भरेपर्यंत त्यातली तीन-चारच उलटी राहतात. बाकीची स्वतःच फिरतात. त्यांना कुणी फिरवत नाही, त्यांच्यासाठी कुणी तेल चोळत नाही. आता समजा, या पंचवीस बायकांना मी आठवडाभर रोज सकाळी एक पेरू खायला सांगितला. दिवस भरेपर्यंत वीसहून जास्त बाळं सरळ झालेली असतील आणि गंगापुरात माझ्या पेरूचं नाव होईल. ज्या तीन-चार जणींचं बाळ फिरलं नाही, त्यांना मी विचारेन, पेरू रोज खाल्ला होता का? मधे एखादा दिवस चुकला असेल.

आपल्याकडचे सगळे उपाय या पेरूच्या जातीचे आहेत. कमरेखाली उशा रचून पाय वर करून झोपायचं. ओटीपोटावर मोबाइलचा टॉर्च धरायचा, म्हणजे बाळ उजेडाकडे वळेल. पोटाच्या वरच्या भागावर गार पोटली. हजहून आणलेला मरियमचा पंजा पाण्यात भिजवून, तो उमलला की ते पाणी प्यायचं. दम केलेलं पाणी, कमरेला तावीज. होमिओपॅथीच्या गोळ्या. यांतले बरेचसे उपाय निरुपद्रवी आहेत, ते केल्याने कुणाचं पोट दुखत नाही, आणि दुआ मागण्याला तर मी कधीच आडवी येणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे, तिच्याकडे येतेच.

सजद्यासारख्या स्थितीचा, म्हणजे गुडघे आणि छाती जमिनीला टेकून ढुंगण वर ठेवण्याचा, अभ्यास खरंच झालाय. मेसेज लिहिणाऱ्याने तो वाचला असता तर बरं झालं असतं. २०१२ साली सहा चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले, त्यात ४१७ बायका होत्या. अशा स्थितीत बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या बायकांमध्ये बाळ फिरण्याचं प्रमाण वेगळं निघालं नाही. चिनी शेकाची गोष्ट थोडी वेगळी. पायाच्या करंगळीच्या नखाशेजारी, आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वळलेली कांडी पेटवून ऊब द्यायची. १९९८मध्ये चीनमध्ये पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीत ३५व्या आठवड्यापर्यंत शेक घेतलेल्यांपैकी ७५ टक्के बाळं फिरली, न घेतलेल्यांपैकी ४८ टक्के. लोक पहिला आकडा सांगतात आणि दुसरा गिळतात. काहीही न करता जवळजवळ निम्मी फिरली होती! त्याच मुख्य संशोधकाने पुढे इटलीत चाचणी घेतली, तेव्हा दोन्ही गटांत फरकच पडला नाही. २०२३च्या आढाव्यात सगळ्या चाचण्या मिळून या शेकाचा थोडा फायदा बहुधा होत असावा असं म्हटलंय. ठीक आहे, आहे ते आहे. पण तो शेक गंगापुरात देतंय कोण?

एक उपाय मात्र निरुपद्रवी नाही, आणि तो आपल्याकडे सर्रास होतो. दाईने किंवा मालिशवालीने पोटावर जोर लावून बाळ वळवणं. वार कुठे आहे, नाळ कुठे आहे, पाणी किती आहे, तिला दिसत नाही. बाळाचे ठोके ऐकायला तिच्याकडे काही नाही. वार सुटली, रक्त जायला लागलं, तर तिथून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत किती वेळ? आमच्या तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरून रात्री निघालेल्या बाईला विचारा.

आता माझी तक्रार. माझी एक जुनी विद्यार्थिनी, पहिलटकरीण. बत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळ उलटं दिसलं. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, फिरेल. बरोबरच म्हणाले. पण 'नाही फिरलं तर काय' हे सांगितलं नाही आणि घरच्यांनी विचारलं नाही. मग पाच आठवडे घर कामाला लागलं. सासू मालिशवालीला घेऊन आली. नणंदेने मेसेज दाखवला. पोर बिचारी पाच वेळच्या नमाजेत सजदा इतका लांबवायची की उठताना चक्कर यायची. जिला जमिनीवर वाकणं अवघड जातं तिने खुर्चीवर बसून नमाज पढावी ही सवलत शरियतने दिलेली आहे, ती सवलत या मेसेजने काढून घेतली. सदतिसावा आठवडा संपत आला तरी बाळ तिथेच. तेव्हा एका नातेवाईक बाईने तिला तोंडावर विचारलं, 'तेरी नमाज में दिल नहीं लगता होगा.'

हे वाक्य मला अजून झोंबतं. बाळाने कुठल्या बाजूला डोकं करायचं यावरून एका बावीस वर्षांच्या पोरीच्या इमानाची परीक्षा! सजदा अल्लाहसाठी असतो, त्याला पोटाच्या व्यायामाचं रूप दिलं की व्यायाम फसल्यावर दोष नमाजीच्या माथी येतो. योगासनवाल्या मेसेजातही तेच, तिथे फक्त 'मन एकाग्र नव्हतं' म्हणतात. पुरुषांना या विषयातलं काही करावं लागत नाही हे जाता जाता नोंदवते.

अडतिसाव्या आठवड्यात तिला कळा सुरू झाल्या, पिशवी फुटली आणि सिझेरियन झालं. मुलगी ठणठणीत आहे, आई ठीक आहे. पण या सगळ्या काळात एक गोष्ट तिला घरातल्या कुणी सांगितली नाही आणि दवाखान्यातल्याही कुणी सांगितली नाही. बाळ बाहेरून हाताने फिरवता येतं. दाईने नव्हे, डॉक्टरने, दवाखान्यात.

ही काही नवी किंवा परदेशी चैन नाही. प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असलेली पद्धत आहे. पहिलटकरणीला ३६व्या आठवड्यापासून आणि आधी बाळंत झालेल्या बाईला ३७व्यापासून ती करता येते. आधी सोनोग्राफी करून वार, पाणी आणि बाळ कसं आहे ते बघतात. बाळाचे ठोके मशीनवर तपासतात. गर्भाशय सैल पडावं म्हणून इंजेक्शन देतात. मग पोटावर दोन्ही हात ठेवून बाळाला हळूहळू कोलांटी मारायला लावतात, आणि झाल्यावर पुन्हा ठोके बघतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन देतात. दुखतं, नाही असं नाही, पण थांबा म्हटलं की थांबतात. साधारण निम्म्या बायकांत बाळ फिरतं, आणि फिरलेलं बाळ सहसा परत उलटं होत नाही. दोनशेत एखादीला लगेच सिझेरियनची वेळ येते, म्हणूनच हे ऑपरेशनची सोय असलेल्या जागीच करतात. जुळं असेल, वार खाली असेल, पिशवी फुटली असेल किंवा नुकतंच रक्त गेलं असेल तर करत नाहीत. या पोरीची पिशवी फुटली आणि ते दार बंद झालं.

आणि हे पाहा. पहिलटकरणीचं बाळ ३६ आठवड्यांनंतरही उलटं असेल तर आपणहून फिरण्याची शक्यता शंभरात आठ-नऊच उरते. म्हणजे ज्या दिवसांत घरगुती उपायांचं गणित उताराला लागतं, नेमक्या त्याच दिवसांत डॉक्टरच्या हाताचं गणित सुरू होतं. मेसेजवाले आपल्या पोरींचे तेच दिवस खातात. टॉर्चने, गार पोटलीने नुकसान होत नाही म्हणणाऱ्यांनी या दिवसांचा हिशेब द्यावा.

डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशभरातल्या खाजगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७ टक्के सिझेरियन होती, सरकारीत १४ टक्के. या फरकाची सगळी कारणं पैशाची आहेत असं मी म्हणत नाही. पण 'बाळ उलटं आहे, अमुक तारखेला या' एवढंच बोलून पुढच्या पेशंटला हाक मारणारा डॉक्टरच त्या बाईला मालिशवालीकडे ढकलतो. तिला एकच रस्ता दाखवला, आणि त्याची तिला भीती वाटते, तर ती दुसरा शोधणारच. भीती बिनबुडाची नाही. आपल्याकडे पहिलं सीझर झालं की पुढचंही सीझर हे जवळजवळ ठरून जातं, आणि प्रत्येक ऑपरेशनच्या व्रणाबरोबर पुढच्या खेपेला वार चिकटण्याचा धोका वाढतो.

तरीही सिझेरियनला शत्रू ठरवू नका. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांवर बायकांच्या चाचणीत, उलट्या बाळाचं ठरवून सिझेरियन केलं तेव्हा बाळ दगावण्याचं किंवा गंभीर इजा होण्याचं प्रमाण १.६ टक्के होतं, ठरवून नैसर्गिक बाळंतपण केलं तेव्हा ५ टक्के. दोन वर्षांनी मुलं तपासली तेव्हा मृत्यू आणि वाढीतला विलंब मिळून दोन गटांत फरक उरला नव्हता, त्यावर तज्ज्ञ अजून भांडतात. पण उलटं बाळ खालून काढायला सरावलेला हात लागतो, आणि तो हात आता मोठ्या दवाखान्यांतही दुर्मीळ झालाय. तालुक्याच्या गावात, सरावाशिवाय, 'माझ्या आजीची सगळी घरीच झाली' या भरवशावर हा जुगार खेळू नये. आजीची सगळी जगली का, हेही विचारा.

मराठीत पायाकडून जन्मलेल्याला पायाळू म्हणतात, आमच्या बोलीत पायल. उसण भरलेल्या कमरेला पायाळूने पाय लावला की उसण जाते, पायाळूला जमिनीखालचं पाणी आणि धन दिसतं, वीज त्याला शोधत येते. ऐकायला गंमत वाटते. पण याच समजुतीपायी गुप्तधनाच्या नादातली माणसं पायाळू पोरांच्या मागे लागतात, आणि धनाच्या, पाण्याच्या शोधात केलेली अघोरी कृत्यं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून घालावी लागली. गर्भाशयात डोकं वर राहिलं, यापलीकडे त्या लेकराचं काहीच वेगळं नसतं.

'ये सब अंग्रेजी इलाज है, आपल्यात नव्हतं,' असं म्हणणाऱ्यांसाठी एक नाव सांगते. अबुल कासिम अज़-ज़हरावी, कुर्तुब्याचा, दहाव्या-अकराव्या शतकातला. त्याच्या 'अत-तसरीफ' या ग्रंथात बाळ डोक्याकडून येत नसेल तर दाईने हाताने काय करायचं, याचं प्रकरण आहे. पाय आधी आले तर काय करायचं तेही त्यात आहे. तो दाईंना हात कसा चालवायचा ते शिकवत होता. आपण त्याचं नाव अभिमानाने घेतो, शाळेच्या भिंतीवर लावतो, आणि घरात सून गरोदर राहिली की टॉर्च शोधतो.

राहिला परपुरुषाचा मुद्दा, कारण तो मला दर वेळी ऐकवला जातो. बाई डॉक्टर मागा, तो हक्क आहे. बाई नसेल तर गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टर चालतो, हे कुठल्याही मौलवींना विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जाण्या-येण्याची गाडी हे सगळं २०११पासून मोफत आहे. चौतिसाव्या आठवड्यानंतरच्या तपासणीला बाळाचं डोकं कुठे आहे ते विचारा. वर असेल तर छत्तिसाव्याची वाट न बघता आधीच विचारून ठेवा, 'बाळ बाहेरून हाताने फिरवतात, ते तुम्ही करता का? नसाल तर कुठे पाठवाल?' घाटी आमच्यापासून तास-दीड तासावर आहे, शिकाऊ डॉक्टरांचं मोठं रुग्णालय आहे, तिथे जाऊन हाच प्रश्न विचारता येतो. डॉक्टर म्हणाले की तुमच्या बाबतीत जमणार नाही, तर का ते विचारा. कारण एका वाक्यात सांगता येतं. विचारताना नवऱ्याला सोबत न्या, आणि प्रश्न त्याला विचारायला लावा.